टाका नाही, मग जखम बंद कशी राहते? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि जंतुसंसर्ग

प्रश्न थोडक्यात असा: सत्तरीच्या आईच्या उजव्या डोळ्याचं फेको (बारीक छेदातून यंत्राने मोतीबिंदू फोडून काढायची शस्त्रक्रिया) झालं, टाका घातला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून डोळ्यातून पाणी येतंय. जखम उघडी राहिली असेल का? टाका घातला असता तर संसर्गाचा धोका टळला असता का? शिबिरांत एकाच दिवशी अनेकांचे डोळे गेल्याच्या बातम्या येतात, तसं इथे होऊ शकतं का? डावा डोळा महिन्याभराने करायचा आहे, तर डॉक्टरांना काय विचारून घ्यावं?

आधी पाण्याचं बघू, कारण ते आजचं काम आहे. औषधाचा थेंब टाकल्यावर थोडा वेळ पाणी येणं, वाऱ्यात चुरचुरणं, डोळ्यात खडा गेल्यासारखं वाटणं हे बहुतेकांना होतं. शस्त्रक्रियेआधी डोळ्यात टाकलेल्या आयोडीनने बुबुळावरचा (इथे बुबुळ म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा) नाजूक थर दुखावलेला असतो, जखमेची कड पापणीला टोचते, आणि या वयात डोळे मुळातच कोरडे असतात. जखमेतून गळणारं पाणी वेगळं. पापण्या घट्ट मिटल्या किंवा शिंक आली की अचानक कोमट पाणी गालावर उतरतं, आणि त्याच सुमारास नजर अंधुक होते, कारण आतलं पाणी गेल्याने डोळा मऊ पडतो. पण घरी बसून हा फरक खात्रीने करता येत नाही. डॉक्टर फ्लुरेसिन या रंगाची ओली पट्टी जखमेवर टेकवतात आणि स्लिट लॅम्पच्या (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या) निळ्या प्रकाशात बघतात. गळती असेल तर नारिंगी रंगातून हिरवी चमकती धार वाहताना स्पष्ट दिसते. याला सायडेल चाचणी म्हणतात, दोन मिनिटांचं काम आहे. आईंना आजच घेऊन जा आणि 'जखमेतून गळतंय का ते बघा' असं सरळ सांगा. बारीक गळती असेल तर बँडेज कॉन्टॅक्ट लेन्स लावून एक-दोन दिवसांत बहुधा थांबते. थांबली नाही, किंवा बुबुळामागची पाण्याची जागा उथळ झाली, तर टाका घालतात. तोही काही मोठा प्रकार नाही.

आता टाक्याबद्दल. बिनटाक्याचं म्हणजे जखम उघडी सोडली, असा समज फार पसरलेला आहे. फेकोमध्ये मुख्य छेद साधारण २.२ ते २.८ मिलिमीटर रुंद असतो, आणि शेजारी एखादा-दोन मिलिमीटरभराचे छोटे छेद. बुबुळाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. या अर्ध्या मिलिमीटरमधून चाकू सरळ आत घुसवला तर कोणतीही जखम गळेलच. म्हणून चाकू तिरका, बुबुळाच्या थरांमधून सरकवत नेतात आणि साधारण दोन मिलिमीटर लांबीचा बोगदा तयार करून मग आत उतरवतात. बोगद्याचं आतलं ओठ खालच्या बाजूला झडपेसारखं लोंबतं. डोळ्यात पाण्याचा दाब असतो, तो या झडपेला खालून वर ढकलतो आणि बोगद्याचं तळ व छत एकमेकांना चिकटतात. आतून झाकण बसणारा कुकर आठवा: वाफ जितकी जोरात, तितकं झाकण घट्ट. जखम बंद ठेवतो तो हा दाब, आणि त्याला साथ देते बोगद्याची घडण.

हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. दाब हाच जखमेचा टाका असेल, तर दाब उतरला की जखमेचं काय? २००३ साली अमेरिकेत दान केलेल्या डोळ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बुबुळात असे छेद घेऊन डोळ्याचा दाब कमी-जास्त केला आणि वरून काळी शाई टाकली. दाब घसरला तेव्हा जखमेच्या कडा आतल्या बाजूने फाकल्या आणि पृष्ठभागावरची शाई बोगद्यातून आत शिरली. म्हणजे गळती एकाच दिशेने होत नाही. डोळा मऊ पडला की बाहेरचे अश्रू, आणि अश्रूंबरोबर पापणीवरचे जंतू, आत खेचले जाऊ शकतात. खरी काळजी याची असते. बाहेर आलेलं पाणी त्रासदायक असतं, आत गेलेला थेंब धोकादायक.

म्हणून शस्त्रक्रियेची शेवटची दोन-तीन मिनिटं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. लेन्स बसली की पाहणाऱ्याला वाटतं काम झालं. खरं तर तेव्हाच जखमेचं काम सुरू होतं. बारीक कॅन्युलाने (बोथट टोकाच्या नळीने) बोगद्याच्या दोन्ही भिंतींत सलाइन भरायचं, त्या फुगून पांढुरक्या होतात आणि कडा एकमेकांवर दाबल्या जातात. बाजूच्या छोट्या छेदांनाही हेच करायचं. गळणारी जखम पुष्कळदा मुख्य नसते, हा बाजूचा छेदच असतो, कारण तो घाईत आणि सरळ घेतलेला असतो. मग डोळ्याचा दाब नेहमीच्या पातळीवर आणायचा. काही जण डोळा दगडासारखा टणक करून ठेवतात आणि 'बघा, गळत नाही' म्हणतात. टणक डोळ्याची जखम तर बंदच दिसणार. दाब नेहमीसारखा ठेवून, कोरड्या स्पंजने जखमेच्या कडेशी हलकं दाबून बघितलं आणि तरीही कोरडी राहिली, तर ती जखम खरी बंद झाली असं म्हणावं. हे फुगवलेलं पाणी कायम राहत नाही. बुबुळाच्या आतला पेशींचा थर ते हळूहळू उपसून काढतो, तोवर कडा चिकटायला लागलेल्या असतात.

टाका घातला असता तर? टाका म्हणजे १०-० नायलॉन, केसाहूनही बारीक धागा. तो नीट घातला तर दाब खालीवर झाला तरी कडा जागच्या हलत नाहीत, हा त्याचा खरा फायदा. पण त्याच्या जिवावर कुणी निश्चिंत होऊ नये. मधोमध घातलेला टाका दोन्ही टोकांकडून होणारी गळती थांबवेलच असं नाही. घट्ट बसला तर बुबुळ ओढलं जातं आणि चष्म्याचा तिरका नंबर वाढतो. ढिला पडला तर त्याच्याभोवती चिकट स्राव साचतो आणि संसर्गाला तोच वाट करून देतो. पुढे तो काढावाही लागतो. त्यामुळे चांगल्या घडणीच्या कोरड्या जखमेला टाका घालणं अनावश्यक आहे, आणि वाईट घडणीच्या जखमेला न घालणं हा हट्ट आहे. दवाखान्यांच्या पाट्यांवर 'बिनटाक्याचे, बिनइंजेक्शनचे' इतकं मोठ्या अक्षरांत लिहिलं जातं की टाका घालावा लागला तर रुग्णाला वाटतं काहीतरी बिघडलं, आणि काही डॉक्टरांनाही तो कमीपणा वाटतो. माझं मत स्पष्ट आहे: शंका आली की टाका घालावा, आणि का घातला ते नातेवाइकांना सांगावं.

काही प्रसंगी तर शंकेचाही प्रश्न नसतो. लेन्स ज्या पातळ पिशवीत बसते तिची मागची बाजू फाटून आतला जेलीसारखा द्रव पुढे आला असेल, तर त्याचा एखादा तंतू जखमेत अडकून राहिला तरी तो वातीसारखा जंतूंना आत नेतो. जखम नीट साफ करून टाका घालणंच बरं. फेकोच्या टोकाची उष्णता लागून जखमेची कड आक्रसली असेल, मोठी लेन्स घालायला छेद वाढवावा लागला असेल, लहान मूल असेल (त्यांची ऊतकं मऊ आणि लवचीक, जखम स्वतःहून बसत नाही, वर डोळे चोळणं आलंच), किंवा स्मृतिभ्रंशामुळे सूचना न पाळता येणारे आजोबा असतील, तर टाका घालावा.

आपल्याकडे शिबिरांत आणि सरकारी रुग्णालयांत होणारी बरीचशी ऑपरेशनं एसआयसीएस पद्धतीची (यंत्राने न फोडता मोतीबिंदू अख्खा हाताने काढायची) असतात. त्यांचा छेद सहा-साडेसहा मिलिमीटरचा, फेकोच्या दुप्पट-तिप्पट. पण तो बुबुळात नसून डोळ्याच्या पांढऱ्या भागात असतो, बोगदा लांब असतो, आणि वर पातळ आवरणाचं पांघरूण येतं. मोठा छेद म्हणून जास्त धोका, असं इथे लागू होत नाही. मागच्या पिढीची ऑपरेशनं आठवणाऱ्यांना माहीत असेल: अर्ध्या बुबुळाभोवती छेद, पाच-सात टाके, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसच्या दिवस उताणं पडून राहायचं. टाके भरपूर होते, संसर्गही भरपूर होता.

ज्या संसर्गाला आपण घाबरतो त्याचं नाव एन्डॉफ्थॅल्मायटिस. बोलीत 'डोळ्यात पू झाला' म्हणतात तो. हे जंतू बहुतेक वेळा बाहेरून कुठून येत नाहीत, रुग्णाच्या स्वतःच्या पापण्यांच्या कडेवर आणि डोळ्याच्या आवरणावर राहणारे असतात. अमेरिकेतल्या ४२० रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात (१९९५) ज्यांच्या डोळ्यातून जंतू वाढले, त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांमध्ये ते त्वचेवर नेहमी सापडणारे स्टॅफिलोकॉकस गटातले होते. प्रमाण किती? चांगल्या ठिकाणी हजारात एकाहून कमी. ते सगळीकडे, सगळ्या काळात इतकं कमी नव्हतं. १९९२ साली बुबुळातला बिनटाक्याचा छेद प्रचारात आला आणि भराभर पसरला. जगभरचे अभ्यास एकत्र करून २००५ साली मांडलेल्या हिशेबात, १९९०च्या दशकात ०.०८७ टक्के असलेलं संसर्गाचं प्रमाण २००० ते २००३ या काळात ०.२६५ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. त्याच हिशेबात बुबुळातल्या छेदाला ०.१८९ आणि पांढऱ्या भागातल्या बोगद्याला ०.०७४ टक्के असे आकडे आले. सगळा दोष छेदाच्या जागेवर टाकता येणार नाही, पण बोगदा बांधायची कला न शिकता छेदाची फॅशन उचलली गेली, हे त्या काळाबद्दल मी म्हणेन.

प्रमाण खाली आणलं ते दोन गोष्टींनी, आणि दोन्ही स्वस्त आहेत.

पहिली पोव्हिडोन आयोडीन. पापण्या आणि भोवतीची कातडी १० टक्क्यांच्या द्रावणाने पुसायची आणि ५ टक्क्यांचं द्रावण थेट डोळ्यात टाकून तीन मिनिटं राहू द्यायचं. हीच तीन मिनिटं घाईत कापली जातात. टाकलं आणि लगेच धुतलं, याला अर्थ नाही. आयोडीन सुकेपर्यंत आणि ड्रेप (डोळ्याभोवती लावायचं निर्जंतुक आवरण) लागेपर्यंत रुग्णाला कंटाळा येतो, चुरचुरतंही, पण त्याच वेळात जंतू मरतात. मासे किंवा कोळंबी सोसत नाही म्हणजे आयोडीनची अॅलर्जी, हा गैरसमज कोकणात विशेष ऐकायला मिळतो. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. खरोखरच आयोडीन चालत नसेल तर सौम्य क्लोरहेक्सिडिन वापरता येतं. आयोडीननंतर पापण्यांचे केस चिकट ड्रेपखाली पूर्ण गुंडाळले गेले पाहिजेत. केस कापायची जुनी पद्धत होती, तिचा फायदा सिद्ध झालेला नाही. केस झाकणं महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट, शस्त्रक्रिया संपताना डोळ्याच्या आत प्रतिजैविक सोडणं. युरोपातल्या नऊ देशांत १६,६०३ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निकाल २००७ साली पूर्ण स्वरूपात आले. बुबुळामागच्या जागेत सेफ्युरोक्सिम सोडलेल्यांमध्ये संसर्ग जवळजवळ पाचपट कमी आढळला. त्याच अभ्यासात बुबुळातला छेद, सिलिकॉनची लेन्स आणि शस्त्रक्रियेत झालेली गुंतागुंत या तिन्हींनी धोका वाढवलेला दिसला. आपल्याकडे मॉक्सिफ्लॉक्सासिन रूढ झालं, कारण ते तयार मिळतं, मिसळावं लागत नाही आणि परवडतं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने सुमारे सहा लाख शस्त्रक्रियांचा हिशेब २०१७ साली मांडला. इंजेक्शन नसताना संसर्ग ०.०७ टक्के, इंजेक्शन असताना ०.०२. मागची पिशवी फाटलेल्या डोळ्यांतही फायदा दिसला, आणि तेच तर सर्वाधिक धोक्याचे डोळे. इतका मोठा आकडा जगात दुसरीकडे गोळा होणं अवघड, आणि तो आपल्याच देशातल्या, शेतातून येणाऱ्या रुग्णांचा आहे, म्हणून मला तो जवळचा वाटतो. पोटातून घ्यायच्या गोळ्यांना मात्र असा आधार नाही. 'डॉक्टरांनी भारी अँटिबायोटिक दिली नाही' अशी तक्रार करू नका.

शिबिरांच्या बातम्यांचं गणित निराळं आहे. २०१४ साली पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान इथे, २०२१च्या नोव्हेंबरात बिहारात मुझफ्फरपूरला, एकाच शिबिरातल्या अनेकांची दृष्टी गेली. मुझफ्फरपूरला एका दिवसात ६५ जणांची शस्त्रक्रिया झाली होती आणि अनेकांचे डोळे काढावे लागले. एकाच दिवशी, एकाच टेबलावरच्या रुग्णांना एकत्र संसर्ग होतो तेव्हा कारण रुग्णाच्या पापणीवर किंवा जखमेच्या घडणीत शोधायचं नसतं. सगळ्यांच्या डोळ्यात जे एक सारखं गेलं ते शोधायचं: धुण्याचं सलाइन, जेल, पिशवी रंगवायचं निळं औषध, फेको मशीनच्या नळ्या, नीट न चाललेला ऑटोक्लेव्ह (वाफेने उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र). अशा वेळी बहुधा स्यूडोमोनाससारखा पाण्यात वाढणारा जंतू असतो, आणि तो दिवसा-दोन दिवसांत डोळा संपवतो. तिथे प्रत्येकाला दहा टाके घातले असते तरी उपयोग शून्य. तुमच्या आईंच्या बाबतीत विचारण्यासारखं एकच: त्या दिवशी तिथे शस्त्रक्रिया झालेल्या इतरांना काही त्रास आहे का? डॉक्टर याचं उत्तर मोकळेपणाने देतील.

संसर्ग ओळखायचा कसा, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आधी सुधारत असलेली नजर पुन्हा घटायला लागते. लाली वाढते, पापणी सुजते, उजेड सहन होत नाही, ठणका लागतो. पण ठणका नसतानाही संसर्ग असू शकतो, असे रुग्ण चारांत एक भेटतात. म्हणून दुखण्यापेक्षा नजरेवर लक्ष ठेवा. रोज एकाच जागेवरून, एकाच उजेडात, दुसरा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघायला सांगा. काल दिसलेली तारीख आज दिसली नाही तर वेळ न बघता फोन करा. सकाळची वाट बघायची नाही. संशय खरा निघाला तर डोळ्यातलं पाणी तपासायला काढतात आणि त्याच वेळी व्हॅन्कोमायसिन व सेफ्टाझिडिम थेट डोळ्याच्या मागच्या भागात सोडतात. नजर फक्त उजेड कळण्यापुरती उरली असेल तर व्हिट्रेक्टमीने (डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून टाकायच्या शस्त्रक्रियेने) फायदा होतो, असं त्या ४२० रुग्णांच्या अभ्यासात दिसलं होतं. पहिल्याच दिवशी सगळं बुबुळ धुरकट झालं असेल आणि फारसं दुखत नसेल, तर ती बहुधा जंतूविना आलेली सूज असते, स्टेरॉइडच्या थेंबांनी उतरते. पण हे ठरवायचं डॉक्टरांनी, आपण घरी नाही.

घरच्या काळजीत थोड्याच गोष्टी खरोखर महत्त्वाच्या आहेत. रात्री प्लॅस्टिकची ढाल लावून झोपणं, कारण झोपेत डोळा चोळला की आधी सांगितलेली दाबाची चढ-उतार होते. आठ-दहा दिवस डोक्यावरून पाणी न घेणं. विहिरीचं, बोअरचं, नळाचं कुठलंच पाणी डोळ्यात नको. थेंब टाकण्याआधी हात साबणाने धुणं आणि बाटलीचं टोक पापणीला न टेकवणं. गुलाबपाणी, मध, एरंडेल, काजळ, देवाचं तीर्थ, बाळंतिणीचं दूध यांतलं काहीही नको. शेजारणीची उरलेली बाटलीही नको. गोठ्यातलं काम आणि चुलीसमोर बसणं दोन आठवडे दुसऱ्या कुणाला तरी द्या. आंबट खाल्लं, वांगं खाल्लं की डोळ्यात पू होतो असं घरोघरी सांगितलं जातं. खुशाल खाऊ द्या. टीव्हीही बघू द्या.

डाव्या डोळ्याच्या आधी विचारायचं ते असं. पापण्यांच्या कडांवर कोंडा किंवा चिकटा आहे का, आणि अश्रुपिशवी दाबून किंवा नळीने पाणी सोडून तपासली का? पिशवीत पू साचलेला असेल तर मोतीबिंदूचं ऑपरेशन थांबेल, आधी तिचा इलाज. साखर आटोक्यात आहे का. एखाद्या आकड्यावर अडून बसू नका, पण चारशे साखरेवर कुणी घाईने ऑपरेशन करू नये. शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन सोडता का, हे विचारण्यात काही उद्धटपणा नाही. आणि उजव्या डोळ्याला खरोखर गळती निघाली असेल, तर डाव्याच्या वेळी जखम जरा लांब बोगद्याची घ्यावी, आणि तरीही कोरडी राहिली नाही तर टाका घालावा, याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. आई झोपेत डोळे चोळतात किंवा सतत शिंकतात-खोकतात, हेही त्यांना सांगा. ते तपासणीच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.